शोधनिबंधाचे संदर्भ जर्नलच्या पद्धतीत कसे बसवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोग झाले, आकडे जुळले, लेखही लिहून झाला, आता फक्त संदर्भ तेवढे नीट करायचे राहिलेत, असं जो म्हणतो त्याचं निदान दोन दिवसांचं काम बाकी असतं. खालचे प्रश्न मला विद्यार्थ्यांनी, सहलेखकांनी आणि कधीकधी मध्यरात्री सबमिशनच्या पानासमोर बसलेल्या मंडळींनी विचारलेले आहेत. उत्तरं देताना एकच गोष्ट धरून चाललोय: संदर्भ म्हणजे पत्ता. तो कोणत्या क्रमाने लिहायचा हे जर्नल ठरवतं. त्या पत्त्यावर खरंच कोणी राहतं का, हे मात्र लेखकानेच बघायचं असतं.

मजकुरातला उल्लेख आणि शेवटची यादी, दोन्ही लागतात का?

लागतात, आणि एकमेकांशी जुळावेही लागतात. मजकुरात आलेला प्रत्येक स्रोत यादीत हवा, यादीतला प्रत्येक स्रोत मजकुरात कुठेतरी आलेला हवा. वाचलं पण वापरलं नाही असं साहित्य शेवटी जोडायची सवय प्रबंधातून येते. जर्नलच्या लेखात ती चालत नाही.

कोणती स्टाईल वापरू?

जर्नल सांगेल ती. त्यांच्या 'लेखकांसाठीच्या सूचना' उघडा आणि त्यासोबत त्याच जर्नलमध्ये गेल्या काही महिन्यांत आलेले दोन लेखही उघडा. सूचनांचं पान कधीकधी जुनं असतं, छापलेला लेख ताजा असतो. दोन्हींत फरक दिसला तर सूचना पाळा. संपादकीय कार्यालयात तुमचा लेख त्या पानाशीच ताडून बघतात.

व्हँकुव्हर, एपीए, आयट्रिपलई, हार्वर्ड: इतक्या स्टाईल कशाला?

प्रत्येक विद्याशाखेने आपली सोय पाहिली, म्हणून. १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक व्हँकुव्हर शहरात भेटले आणि हस्तलिखितं कशी असावीत यावर त्यांचं एकमत झालं. त्या गटाची पुढे वैद्यकीय जर्नल संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली आणि क्रमांकांच्या त्या पद्धतीला शहराचं नाव चिकटलं. लेखक-वर्ष पद्धतीचा उगम हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या, गोगलगायीच्या कुळातल्या स्लगवरच्या निबंधात सापडतो. एपीए मानसशास्त्रज्ञांची, आयट्रिपलई विद्युत अभियंत्यांची. ढोबळ मानाने मजकुरात एक तर क्रमांक येतो, नाही तर लेखकाचं नाव आणि वर्ष. पुढचे सगळे भेद स्वल्पविरामांचे.

स्वल्पविरामांचे म्हणजे? एखादं उदाहरण?

वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा डीएनएच्या रचनेवरचा लेख घेऊ. प्रत्यक्षात हे रोमन लिपीत येईल. इथे तुमचं लक्ष फक्त मांडणीकडे जावं म्हणून देवनागरीत लिहितो आणि लांबलचक शीर्षकाच्या जागी 'शीर्षक' एवढंच ठेवतो.

व्हँकुव्हर: वॉटसन जेडी, क्रिक एफएच. शीर्षक. नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८.

एपीए: वॉटसन, जे. डी., & क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). शीर्षक. नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८.

आयट्रिपलई: जे. डी. वॉटसन आणि एफ. एच. सी. क्रिक, "शीर्षक," नेचर, खंड १७१, अंक ४३५६, पृ. ७३७–७३८, एप्रिल १९५३.

आता जरा निरखून बघा. व्हँकुव्हरमध्ये आद्याक्षरांना टिंब नाही आणि जास्तीत जास्त दोनच आद्याक्षरं, म्हणून क्रिक यांचं तिसरं अक्षर गळालं. वर्षानंतर अर्धविराम, त्यापुढे मोकळी जागा नाही, शेवटच्या पानाचा पुन्हा येणारा भाग कापलेला. एपीएमध्ये वर्ष पुढे सरकून कंसात बसलं आणि जर्नलच्या नावासोबत खंडाचा आकडाही तिरप्या अक्षरांत जातो. आयट्रिपलईमध्ये आद्याक्षरं आडनावाच्या आधी, शीर्षक अवतरणात आणि शीर्षकानंतरचा स्वल्पविराम अवतरणाच्या आत. माहिती तिन्हीकडे तीच आहे. म्हणूनच ती एकदा नीट साठवली की मांडणीचं काम यंत्रावर सोडता येतं. साठवलेलीच चुकीची असेल तर यंत्र ती चूक सुबक विरामचिन्हांसह छापून देईल.

क्रमांक पद्धतीत नंबर कशाच्या क्रमाने पडतात?

मजकुरात पहिल्यांदा आलेल्या क्रमाने. एकदा ७ झालेला लेख पुढे कितीही वेळा आला तरी ७ च राहतो. सलग नंबर असतील तर ३–५, तुटक असतील तर ३, ५, ९.

घोटाळा होतो तो तक्त्यात. एखादा संदर्भ फक्त तक्ता २ मध्ये आलाय, मजकुरात कुठेच नाही, तर त्याचा नंबर कोणता? वैद्यकीय संपादक समितीचा नियम असा: मजकुरात 'तक्ता २' हा उल्लेख पहिल्यांदा जिथे येतो, तो संदर्भ तिथेच आला असं धरायचं. आकृतीखालच्या ओळींनाही हेच लागू. तक्ते वेगळ्या फायलीत असले की संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दिसतच नाहीत आणि असे संदर्भ यादीतून गळतात किंवा भलत्याच नंबरावर बसतात. मी तक्ते शेवटपर्यंत मूळ फायलीतच, जिथे पहिला उल्लेख आहे तिथे ठेवतो. जर्नलला वेगळे हवे असतील तर अगदी शेवटी उचलून बाजूला काढतो.

हाताने नंबर टाकणाऱ्यांसाठी माझीच एक फजिती सांगतो. लेख सुधारून पाठवायचा होता. माझ्या सहलेखकाने प्रस्तावनेत एक परिच्छेद घातला, त्यात एक नवा संदर्भ होता. त्याच्याकडची प्रत साध्या मजकुराची होती, त्यामुळे त्याने नंबर हाताने टाकला, यादीत एक ओळ वाढवली आणि पुढचे नंबर बदलायचे राहून गेले. १४ पासून पुढचा प्रत्येक संदर्भ एकाने सरकला. जर्नलतर्फे लेख तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलं, "विधान वनस्पतींबद्दल आहे, संदर्भ २२ उंदरांवरचा आहे. लेखकांनी स्वतःचे संदर्भ वाचलेत का?" काय उत्तर देणार? माफी मागितली.

नंबर पूर्णविरामाच्या आधी की नंतर?

चौकोनी कंसातला असेल तर साधारणपणे आधी. वर चढवलेला बारीक आकडा असेल तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत पूर्णविराम आणि स्वल्पविरामानंतर, पण अपूर्णविराम आणि अर्धविरामाच्या आधी. आणखी एक सावधगिरी: मोजमापाला लागून वर चढवलेला संदर्भ टाकू नका. '१० सेमी' वर २ चढवला की वाचणाऱ्याला तो वर्ग सेंटिमीटर वाटतो.

किती लेखकांनंतर 'एट अल.' लिहायचं?

इथे प्रत्येक स्टाईलचा आकडा वेगळा आहे आणि तो पाठ करण्यात अर्थ नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो. व्हँकुव्हर वापरणारी बहुतेक जर्नलं पहिली सहा नावं देऊन मग एट अल. लिहितात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत सहापेक्षा जास्त लेखक असले की फक्त पहिले तीन. नेचरमध्ये पाचपेक्षा जास्त असतील तर पहिला एकटाच. एपीएची २०१९ साली आलेली सातवी आवृत्ती मात्र यादीत तब्बल वीस नावं मागते. एकवीस किंवा जास्त झाले तर पहिले एकोणीस, मग तीन टिंबं, मग शेवटचा लेखक. मजकुरात त्याच एपीएमध्ये तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्याच उल्लेखापासून एट अल.

टिंब 'अल' नंतर येतं, 'एट' नंतर नाही. 'एट' म्हणजे लॅटिनमध्ये 'आणि', तो पूर्ण शब्द आहे. 'अल.' हे 'इतर मंडळी' या शब्दाचं लघुरूप.

आपल्या संग्रहात मात्र सगळे लेखक भरून ठेवा. कापायचं काम स्टाईलचं. तुम्हीच 'आणि इतर' असं साठवलंत तर पुढच्या जर्नलला वीस नावं हवी असतील तेव्हा पुन्हा शोधाशोध.

संस्थेचं नाव लेखक म्हणून दिलं तर ते उलटंपालटं का होतं?

कारण सॉफ्टवेअरला ती व्यक्ती वाटते. जागतिक आरोग्य संघटनेचं इंग्रजी नाव त्याने 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' असं छापलेलं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय. शेवटचा शब्द आडनाव, आधीचे दोन आद्याक्षरं! झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेखकाच्या ओळीशेजारी एक छोटं बटण असतं, त्याने दोन रकान्यांचा एक रकाना होतो. संस्थेचं नाव त्यात टाका. लाटेक या टाइपसेटिंग प्रणालीसोबत चालणाऱ्या बिबटेकमध्ये नावाभोवती दुहेरी महिरपी कंस घाला.

माणसांच्या नावांतही खड्डे आहेत. स्पॅनिश लेखकांना दोन आडनावं असतात, चिनी नावात घराण्याचं नाव आधी येतं, आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतंच, डच 'व्हान देर' कुठे मोडायचं यावर मतभेद असतात. अंदाज करण्यापेक्षा त्या लेखाच्या जर्नलने स्वतःच 'असा उल्लेख करा' म्हणून काय दिलंय ते बघा. लेखकाचं नाव चुकवणं हा उद्धटपणा वाटतो, आणि ज्याचं नाव चुकतं तोच पुष्कळदा रिव्ह्यूअर निघतो.

जर्नलचं नाव पूर्ण लिहू की संक्षिप्त?

स्टाईल सांगेल तसं, पण सगळीकडे एकसारखं. संक्षेप मनाने करायचे नसतात. आयएसओ ४ हे त्यासाठीचं मानक आहे आणि कोणत्या शब्दाचं काय लघुरूप याची यादी आयएसएसएनचं, म्हणजे नियतकालिकांना ओळख क्रमांक देणारं, आंतरराष्ट्रीय केंद्र सांभाळतं. वैद्यकीय जर्नलांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सूचीत तयार संक्षेप मिळतात. एकाच शब्दाचं नाव असेल तर ते कापत नाहीत: नेचर हे नेचरच, सेल हे सेलच.

डीओआय द्यायचा का, आणि कसा?

डीओआय म्हणजे लेखाला मिळालेला कायमचा डिजिटल ओळख क्रमांक. जर्नलने नको म्हटलं नसेल तर द्या. माझ्या मते संदर्भातला सगळ्यात उपयोगी तुकडा हाच. प्रकाशक बदलला, संकेतस्थळ हललं तरी डीओआय त्याच लेखाकडे नेतो, कारण त्यामागची नोंद प्रकाशक अद्ययावत करत राहतो. शोधनिबंधांच्या डीओआयची नोंदणी करणारी क्रॉसरेफ ही संस्था २००० साली सुरू झाली.

प्रत्येक डीओआय १० आणि टिंबाने सुरू होतो, पुढे नोंदणी करणाऱ्याचा आकडा, मग तिरकी रेघ, मग प्रकाशकाने ठरवलेली अक्षरं. कॅपिटल-स्मॉल अक्षरांनी काही बिघडत नाही. तो पूर्ण दुव्याच्या स्वरूपात लिहायचा अशी क्रॉसरेफची २०१७ पासूनची सूचना आहे. जुन्या लेखांत 'डीएक्स' ने सुरू होणारा दुवा दिसतो. तोही चालतो, पण नवीन यादीत तो नको.

तीन ठिकाणी तो हमखास मोडतो. वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम चुकून त्याला चिकटतो. पीडीएफमधून उचलताना ओळ तुटते आणि मध्ये मोकळी जागा किंवा जोडरेघ शिरते. आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातून लॉगिन करून लेख उघडला असेल तर ग्रंथालयाचा आडवळणी पत्ता कॉपी होतो, जो इतर कुणालाच उघडत नाही. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: यादीतल्या प्रत्येक डीओआयवर एकदा क्लिक करा.

डीओआय नसेल तर? क्रॉसरेफच्या संकेतस्थळावर शीर्षक टाकून शोधा. १९५३ च्या त्या लेखालाही नंतर डीओआय मिळालाय, तेव्हा लेख जुना म्हणून त्याला डीओआय नसेल असं धरून बसू नका.

लेखाला पान क्रमांकच नाहीत. काय लिहू?

केवळ ऑनलाइन निघणारी जर्नलं पानांऐवजी लेख क्रमांक देतात. तोच पानांच्या जागी लिहा. पीडीएफवरची '१ ते १४' ही पानं लिहू नका. त्या अंकातला प्रत्येकच लेख पान १ पासून सुरू होतो, मग त्या आकड्याने काय सापडणार?

लेख ऑनलाइन डिसेंबरमध्ये आला, अंकात मार्चमध्ये. वर्ष कोणतं?

खंड आणि अंक मिळाला असेल तर त्या अंकाचं. अजून मिळाला नसेल तर ऑनलाइनचं वर्ष आणि डीओआय, आणि लेख छापून येईपर्यंत पुन्हा एकदा बघायचं लक्षात ठेवा. संग्रहात हाच लेख दोनदा शिरलेला असतो, एकदा आधीच्या वर्षाने आणि एकदा नंतरच्या. मग यादीतही तो दोनदा येतो, वर एपीएमध्ये दोन वेगळे लेख असल्याच्या थाटात. दुहेरी नोंदी आधी एकत्र करा.

एकाच लेखकाचे एकाच वर्षीचे दोन लेख असतील तर?

लेखक-वर्ष पद्धतीत वर्षापुढे ए, बी. क्रमांक पद्धतीत प्रश्नच येत नाही.

झोटेरो, मेंडेली, एंडनोट की बिबटेक?

जे सहलेखक वापरतात ते. हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल, पण एकाच फायलीत दोघांनी दोन वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरली की होणारा गुंता मी सोडवत बसलोय, म्हणून सांगतो. लाटेकमध्ये लिहीत असाल तर बिबटेक किंवा त्याचा आधुनिक भाऊ बिबलाटेक. वर्डमध्ये लिहीत असाल आणि पैसे घालायचे नसतील तर झोटेरो. ते २००६ पासून आहे, मुक्त आहे, आणि त्याच्या स्टाईलच्या भांडारात १०,००० हून जास्त स्टाईल तयार मिळतात. जर्नल बदललं की स्टाईल बदलायची, यादी आपोआप नव्याने मांडली जाते.

पण हे सॉफ्टवेअर फक्त मांडतं, तपासत नाही. ब्राउझरच्या बटणाने उचललेली माहिती प्रकाशकाच्या पानावर जशी असेल तशी येते: कधी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये, कधी खंड गायब, कधी लेखकाच्या नावात पदवी. लेख संग्रहात घेतला त्याच मिनिटाला ती नोंद डोळ्यांखालून घाला. तेव्हा अर्धं मिनिट लागतं. सबमिशनच्या रात्री ऐंशी नोंदी समोर असतात.

शीर्षकातली कॅपिटल अक्षरं आणि तिरपी नावं दर वेळी बिघडतात. का?

काही स्टाईलना शीर्षकात फक्त पहिला शब्द कॅपिटल हवा असतो, काहींना प्रत्येक महत्त्वाचा शब्द. सॉफ्टवेअरला लहान अक्षरांची मोठी करता येतात, पण मोठ्यांची लहान करताना विशेषनाम कुठलं आणि साधा शब्द कुठला हे त्याला कळत नाही. म्हणून संग्रहात शीर्षक साध्या वाक्यासारखं ठेवा: पहिला शब्द, विशेषनामं आणि लघुनामं कॅपिटल, बाकी लहान.

बिबटेकमध्ये उलटा त्रास होतो: ते सगळंच लहान करून टाकतं आणि डीएनए, एमआरआय असली लघुनामं बारीक अक्षरांत छापली जातात. अशा शब्दांना महिरपी कंसात बंद करा. सगळं शीर्षकच कंसात टाकायचा मोह आवरा, मग स्टाईलला काहीच करता येत नाही.

जीवशास्त्रात एश्चेरिकिया कोलायसारखी जातींची नावं शीर्षकातही तिरपी लागतात. झोटेरोच्या शीर्षकाच्या रकान्यात त्या नावाभोवती तिरप्या अक्षरांचे एचटीएमएल टॅग लिहिले की काम होतं. सारांश घोटून घोटून लिहिणारे लेखक हे मात्र कॉपी एडिटरवर सोडतात.

प्रीप्रिंट उद्धृत केलेला चालतो का?

प्रीप्रिंट म्हणजे रिव्ह्यू होण्याआधीच ऑनलाइन ठेवलेला लेख. बहुतेक जर्नलांत तो चालतो, पण तो प्रीप्रिंट आहे हे संदर्भात स्पष्ट दिसायला हवं: सर्व्हरचं नाव, तिथला क्रमांक, वर्ष. अर्काइव्ह हा प्रीप्रिंट सर्व्हर १९९१ पासून आहे, जीवशास्त्रातलं बायोअर्काइव्ह २०१३ पासून. पाठवण्याआधी तो लेख कुठे प्रसिद्ध झालाय का ते बघा आणि झाला असेल तर प्रसिद्ध रूप द्या. बदलण्याआधी वाचाही. रिव्ह्यूमधून जाताना तुम्हाला हवी असलेली आकृती गळून गेलेली असू शकते.

डेटा, सॉफ्टवेअर, वेबसाइट, खासगी ईमेल?

डेटासंच यादीत हवा, स्वतंत्र नोंद म्हणून: निर्माते, वर्ष, नाव, आवृत्ती, साठवणीचं ठिकाण, डीओआय. डेटा तुमचाच असला तरीही. सॉफ्टवेअरचंही तसंच, आवृत्तीचा आकडा मात्र विसरू नका. निकाल पुन्हा काढून बघणाऱ्याला तोच लागतो. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरत असाल तर सायटेशन हा आदेश द्या, कसा उल्लेख करायचा ते आर स्वतःच सांगतं, पॅकेजचंसुद्धा.

वेबपान बदलतं, नाहीसं होतं. पाहिल्याची तारीख लिहा, आणि पान महत्त्वाचं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत जतन करून तो दुवा द्या.

खासगी ईमेल किंवा बोलणं यादीत येत नाही, कारण वाचकाला ते मिळू शकत नाही. मजकुरातच कंसात नाव आणि तारीख द्यायची, आणि त्या माणसाची लेखी परवानगी घ्यायची. 'सबमिट केलेला' पण स्वीकारला न गेलेला लेखही असाच अप्रकाशित. 'इन प्रेस' फक्त स्वीकृतीचं पत्र हातात असेल तरच.

इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतला स्रोत कसा देऊ?

मराठी पुस्तकच धरा. एपीएमध्ये मूळ शीर्षक रोमन लिपीत लिप्यंतर करून आणि त्यामागे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ. व्हँकुव्हरमध्ये इंग्रजी भाषांतर चौकोनी कंसात आणि शेवटी भाषेचं नाव. तुम्ही स्वतः मूळ वाचलं की भाषांतर वाचलं हे वाचकाला कळलं पाहिजे. जे हातात होतं तेच लिहा.

मूळ लेख मिळत नाही. दुसऱ्याच्या लेखातून संदर्भ उचलला तर?

सगळेच करतात, आणि ते पकडलंही गेलंय. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ मध्ये एका नामांकित लेखाचे सुमारे ४,३०० उल्लेख तपासले. त्यांपैकी १९६ मध्ये छपाईची चूक होती, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाच्या आकड्यातली एकच चूक ७८ वेळा सापडली. अठ्ठ्याहत्तर लेखक स्वतंत्रपणे नेमकं तेच चुकीचं पान लिहितील हे संभवत नाही. त्यांनी एकमेकांची यादी उतरवली होती. यावरून त्यांनी अंदाज केला की उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के मूळ लेख वाचत असावेत.

याहून गमतीची गोष्ट व्हान देर गीर यांच्या नावावरच्या एका लेखाची. तो लेख अस्तित्वातच नाही. संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एका मोठ्या प्रकाशकाने आपल्या सूचनांत रचलेलं ते उदाहरण होतं. लोकांनी साचा वापरला, उदाहरण पुसायचं राहिलं, आणि अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी शोध घेतला तेव्हा त्या भुताला जवळजवळ ४०० उल्लेख मिळालेले होते.

मूळ खरोखरच मिळत नसेल तर 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं लिहा आणि यादीत तुम्ही वाचलेला स्रोत द्या. मूळ शोध कुणाचा हे माहीत असताना केवळ सोपं म्हणून समीक्षालेख देऊन मोकळं होणं मला पटत नाही. ज्याने निरीक्षण प्रथम मांडलं त्याचं श्रेय त्याला, ही शिफारस संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही आहे.

एआयकडून संदर्भ शोधून घेतले तर?

शोधायला मदत घ्या, यादी घेऊ नका. चॅटबॉट खऱ्या संशोधकांची नावं, खरं जर्नल आणि पटेल असं शीर्षक एकत्र करून न लिहिला गेलेला लेख तुमच्या हातात ठेवतो. डीओआय दिलाच तर तो भलत्याच लेखाकडे नेतो किंवा कुठेच नाही. जो लेख तुम्ही स्वतः उघडला नाही तो यादीत नको, एवढा नियम पाळलात तर एआयचा वेगळा नियम लागत नाही. आणि एआयने लिहिलेला मजकूर हाच मूळ स्रोत म्हणून देणं वैद्यकीय संपादक समिती मान्य करत नाही.

मागे घेतलेला लेख चुकून यादीत आला तर?

लाज वाटण्यासारखं आहे, पण टाळता येतं. २०१० पासून मागे घेतलेल्या लेखांचा माग ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची सूची २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेऊन सर्वांसाठी खुली केली. झोटेरो त्या सूचीशी तुमचा संग्रह ताडून बघतं आणि असा लेख सापडला की लाल पट्टी दाखवतं. त्या पट्टीकडे दुर्लक्ष करून 'पुढे जा' दाबणारे मी पाहिलेत. लेख मागे घेतला गेला हाच तुमच्या चर्चेचा मुद्दा असेल तर जरूर द्या, पण संदर्भातच तसं नमूद करा आणि मागे घेतल्याची सूचनाही द्या.

रिव्ह्यूअरने स्वतःचे पाच लेख उद्धृत करायला सांगितले. नाही म्हणू शकतो का?

म्हणू शकता. पाचही वाचा. एखादा खरंच लागू असेल तर घ्या. बाकीच्यांबद्दल उत्तरात नम्रपणे लिहा: 'हे लेख पाहिले, आमच्या प्रश्नाशी त्यांचा थेट संबंध नाही.' दबाव उघड असेल तर संपादकाला वेगळं पत्र लिहा. आपणच आपले लेख किती द्यावेत, यालाही हीच फूटपट्टी लावा: ते काढलं तर विधान उघडं पडतं का?

पहिल्याच सबमिशनला सगळं स्टाईलमध्ये हवं का?

आता बरीच जर्नलं पहिल्या फेरीला कुठलीही एकसारखी मांडणी घेतात. लेख नाकारला जाण्याची शक्यता धरली तर हे शहाणपणाचंच आहे. पण मोकळीक स्वल्पविरामांची आहे, माहितीची नाही. लेखक, वर्ष, शीर्षक, जर्नल, खंड, पान आणि डीओआय तेव्हाही पूर्ण हवेत, कारण रिव्ह्यूअर त्याच यादीतून लेख शोधणार.

फाईल पाठवण्याआधी शेवटचं काय करायचं?

आधी मूळ फायलीची प्रत काढा. वर्डमधले संदर्भ हे जिवंत कोड असतात, काही सबमिशन प्रणालींना ते पचत नाहीत आणि पीडीएफमध्ये भलतंच काही उमटतं. प्रतीमध्ये झोटेरोचं अनलिंक बटण दाबा, नाही तर सगळं निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ९. आता तो साधा मजकूर झाला आणि परत कोड होणार नाही. म्हणूनच प्रत काढायची, आणि नावात तसं लिहायचं. माझ्या त्या एकाने सरकलेल्या संदर्भांचं मूळ याच सपाट प्रतीत होतं. सहलेखकाला मी तीच धाडली होती.

मग दोन फेऱ्या. पहिली मजकुरातून यादीकडे: प्रत्येक उल्लेखाला थांबून, 'हे विधान खरंच या लेखात आहे का?' दुसरी यादीतून मजकुराकडे: प्रत्येक नोंद कुठे वापरलीय. ऐंशी संदर्भांना एक दुपार जाते.

आणि प्रूफ आल्यावर?

कॉपी एडिटरचे प्रश्न बहुतेक संदर्भांबद्दलच असतात: 'संदर्भ ३१ मजकुरात आढळला नाही', 'संदर्भ ४४ चा खंड द्यावा', 'संदर्भ ९ आणि ५२ एकच आहेत का?' प्रत्येकाला उत्तर द्या. मुदत थोडी असते, बऱ्याचदा दोन-तीन दिवसच. या टप्प्यावर नवा संदर्भ घालायचा असेल तर आधी विचारा, कारण नंबर पुन्हा पाडावे लागतात आणि त्यात तक्तेही आले. इन प्रेस म्हणून दिलेल्या लेखांना आता खंड आणि पानं मिळाली असतील तर तेवढं मात्र नक्की भरून घ्या.